भेटीची वेळ : चार ते सहा

डॉक्टर दामोदर मोपकर माणसाच्या हाताला भूल देण्याआधी तो हात कुणाच्या तरी हातात द्यायचे. अगदी लग्नात देतात तसा. सुई तयार आहे, सर्जन हात धुऊन ताटकळत उभा आहे, टेबलावर पेशंट कण्हतोय आणि हे ऑपरेशन थिएटरच्या दारातून व्हरांड्यात डोकावून विचारताहेत, "हात कोणाल्या हातांत दिवंया?"

बायको असेल तर बायकोच्या, आई असेल तर आईच्या. कुणीच नसेल तर आम्हा इस्पितळातल्यांपैकी जो मोकळा असेल त्याच्या. बोटं शाबूत असतील तर बोटं धरायची, नसतील तर कोपर. धरणाऱ्याला अंगावर हिरवा झगा चढवून टेबलाशी उभं करायचं, मग डॉक्टर पेशंटच्या काखेत सुई घालायचे आणि हात पुरता मरेपर्यंत धरणाऱ्याला सोडू द्यायचे नाहीत.

यामागे त्यांचा एक सिद्धांत होता. सिद्धांत म्हणण्यापेक्षा वेड म्हणा, आम्ही सगळे वेडच म्हणायचो. काखेतल्या नसांपाशी औषध गेलं की हात बधिर होतो. मग तो उचला, वाकवा, टेबलाबाहेर लोंबू द्या, माणसाला पत्ता लागत नाही. त्याला हात तिथेच आहे असं वाटत राहतं, जिथे त्याने तो शेवटचा अनुभवला. डोळे मिटून विचारलं तर छातीवर आहे म्हणतो, आणि हात असतो डोक्यावर. हे मी शेकडो वेळा पाहिलंय, त्यात खोटं काही नाही. डॉक्टरांचं म्हणणं एवढंच होतं की हात जर सहा-सात तास एकाच जागी राहणार असेल, तर तो बऱ्या जागी ठेवावा.

हे इस्पितळ डिचोली तालुक्यातल्या एका खाणमालकाचं. बारा खाटा, एक थिएटर, पाच नर्सेस. नाव सांगत नाही. मालक गेले, खाणही बंद पडली, पण तेव्हाच्या मॅनेजरचे नातेवाईक अजून रस्त्यात भेटतात आणि मला पाहून हसतात. मी इब्रामपूरची. नर्सिंगचा कोर्स करून तिथे लागले आणि क्वार्टर्समध्ये राहायचे. डॉक्टर मोपकर पेडण्याकडचे. आठवड्यातले दोन दिवस सर्जन पणजीहून येत, त्या दोन दिवशी हे पेडण्याहून बस बदलत बदलत येत. गळ्यात सुतळीने बांधलेलं गजराचं टेबल-घड्याळ, काखेत कॅनव्हासची घडीची खुर्ची, आणि खिशात कागदात गुंडाळलेली पोई, कोंड्याचा पाव. मनगटी घड्याळ का नाही घेत म्हणून विचारलं, तर म्हणाले, "पेशंटाक दिसपाक जाय मगो."

पेशंटला कशाला दिसायला हवं, तर चार कधी वाजणार हे कळावं म्हणून. डॉक्टरांचं सगळं जग त्या चार वाजण्याभोवती फिरायचं. आमच्या इस्पितळात भेटीची वेळ चार ते सहा. दरवान दार चार वाजता उघडायचा, सहाला घंटा मारायचा. खाणीवरचे निम्मे कामगार सीमेपलीकडून आलेले, दोडामार्ग-बांद्याकडचे. त्यांच्या घरची माणसं सकाळी निघून, दोन बस करून, उरलेलं चालून चारला दाराशी पोचायची. आणि ऑपरेशन व्हायचं सकाळी साडेदहा-अकराला. नुसत्या भुलीचा असर दोन-अडीचपर्यंत. म्हणजे बरोबर बायकामुलं आत यायच्या वेळी माणूस गुरासारखा ओरडत असायचा. दुखण्याचं इंजेक्शन मागावं तर ते कपाटात आणि कपाटाची किल्ली कंपाउंडरपाशी. कंपाउंडर जेवून झोपलेला.

म्हणून डॉक्टर भुलीच्या औषधात आणखी एक औषध घालायचे. डेक्सा. स्टेरॉइडची एक छोटी बाटली, त्यातलं अर्धं. तेवढ्याने भूल लांबायची. दोनला परतणारा हात सहाला परतायचा, कधी सातला. आज कुणाला यात काही वाटणार नाही, पण तेव्हा आमच्याकडे असं कुणी करत नव्हतं. हे कुठे शिकलात म्हटलं, तर रोज वेगळं उत्तर मिळायचं. एकदा म्हणाले पुस्तकात, एकदा म्हणाले आईकडे. "माशांच्या हुमणाक सोलां घालतात तशें. चड न्हय, थोडेंच."

त्या दिवसापासून थिएटरमध्ये डेक्साचं नाव सोलं, म्हणजे आमसुलं, पडलं. "सिस्टरबाय, सोलां हाड गो," असं ते ऐन ऑपरेशनच्या वेळी ओरडायचे आणि सर्जनचा पारा चढायचा. "डॉक्टर, हे इस्पितळ आहे, खाणावळ नव्हे!" डॉक्टरांवर काही परिणाम नाही. पण आचरटपणा तोंडापुरताच होता. साखरेचा आजार असलेल्याला सोलं नाहीत, जखमेत पू झालेल्याला नाहीत. याबाबतीत ते सोवळ्याओवळ्याइतके कडक होते, आणि मी एकदा चुकून बाटली पुढे केली तेव्हा माझ्या हातावर फटका मारला होता.

ऑपरेशन झालं की सर्जन गाडीत बसून पणजीला. हे मात्र वॉर्डात घडीची खुर्ची उघडून पेशंटशेजारी बसायचे. घड्याळ उशाशी. चहात पोई बुडवून खायची आणि मधून मधून त्या बधिर हाताकडे बघून विचारायचं, "कितें रे, येतलो मरे?" पेशंटशी नाही, हाताशी बोलायचे. एक म्हातारा ट्रकवाला घाबरून मला म्हणाला होता, ह्या डॉक्टराक दुसऱ्या डॉक्टराक दाखवा.

फसगतीही झाल्या. एकदा बाबली नावाच्या कामगाराचा अंगठा चेचला. बरोबर कुणी नव्हतं. त्याला घेऊन आलेला मुकादम व्हरांड्यात विडी ओढत होता. डॉक्टरांनी त्यालाच झगा घातला आणि बाबलीचं कोपर त्याच्या हातात दिलं. आता बाबलीचं आणि मुकादमाचं वर्षभर वैर, हे डॉक्टरांना काय माहीत. हात बधिर झाला, अंगठा शिवला, मुकादम खाणीवर निघून गेला. बाबली वॉर्डात येऊन पडला आणि दर दहा मिनिटांनी ओरडायला लागला, "त्या मुकादमाक सांगा, माजो हात सोड म्हणान!" मुकादम इथे नाही, हात उशीवर आहे, हे बघ, असं दाखवलं की त्याला पटायचं. डोळे मिटले की पुन्हा मुकादम. भेटीला आलेल्या बायकोलाही त्याने तेच सांगितलं. सोलं घातलेली, त्यामुळे मुकादमाने हात सोडला तेव्हा पावणेसात झाले होते. त्यानंतर डॉक्टर हात देण्याआधी दोन्हीकडची चौकशी करायला लागले.

त्यांनी लग्न केलं नव्हतं. मी एकदा धिटाईने विचारलं. म्हणाले, "भेटीचो वेळ जुळ्ळो ना." दुसऱ्या एका दुपारी, कुणी न विचारता, पोई बुडवता बुडवता त्यांनी सांगितलं की काजूच्या भट्टीवर त्यांच्या वडिलांचा हात भाजला होता आणि वडिलांना पणजीला नेलं होतं. हे आठ वर्षांचे. आईबरोबर चालत, होडीने, परत चालत, दिवस मोडून पोचले. वडील ओरडत होते. मुलाला बघून म्हणाले, ह्याका व्हर हांगासून. आईने यांना बाहेर नेलं. पुढच्या आठवड्यात वडील गेले. "बापायचो आवाज म्हाका तितलोच याद आसा," डॉक्टर म्हणाले आणि मला चहात साखर कमी आहे म्हणून सांगितलं. मी साखर आणायला गेले.

हे एवढं सांगितल्यावर तुम्हाला वाटेल की मी त्यांची भक्त होते. नव्हते. मला ते लांबण लावणारे, वेळ खाणारे वाटायचे. थिएटर एकला आवरून मी क्वार्टर्सवर जाऊ शकले असते, त्याऐवजी यांच्यासाठी तीनदा चहा करत बसायचे. आणि त्या दिवसांत माझं डोकं भलतीकडेच होतं.

ते राजभाषेचे दिवस होते. कोकणी की मराठी यावरून सगळा गोवा दोन्ही बाजूंनी तापला होता. रस्त्यावर झाडं आडवी पडायची, बस बंद व्हायच्या, माणसं जखमी होऊन यायची. आमच्या इस्पितळात चहाची टेबलं दोन झाली होती, एक मराठीवाल्यांचं, एक कोकणीवाल्यांचं, आणि किटली एकच असल्यामुळे ती आधी कुणाकडे जाणार यावरून रोज तोंडं वाकडी. मी मराठीच्या टेबलावर, आणि तिथेही पुढे. घरी आम्ही जे बोलायचो ते आमचं गावचं, पण शाळा मराठी, भजन मराठी, वडिलांची पत्रं मराठी. ती माझी भाषा कुणी काढून घेतंय असं मला वाटायचं आणि मला झोप येत नसे. आजही त्याबद्दल मी कुणाची माफी मागणार नाही. माफी मागायची ती दुसऱ्याच गोष्टीची.

डॉक्टर कुठल्याच टेबलावर नव्हते. त्यांची खुर्ची वॉर्डात. रस्ता अडवलेला होता त्या दिवशी ते म्हापशापासून चालत निघाले. वाटेत पोरांनी अडवून विचारलं, कोण तूं, मराठी काय कोंकणी? हे गळ्यातलं घड्याळ दाखवून म्हणाले, "चार वरांचेर पेशंटाची बायल येतली. वाट सोड." पोरांनी झाडाची फांदी बाजूला केली, आणि पुढे एक स्कूटरवाला धरून त्याच्या मागे बसवून दिलं. हे त्यांनी आम्हाला दोन्ही टेबलांवर सांगितलं. दोन्ही टेबलं हसली, पण पोरं कुठल्या बाजूची होती ते काही त्यांना सांगता आलं नाही.

त्याच हंगामात विश्राम आला.

विश्राम दोडामार्गाकडचा, तिशीतला, खनिज वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर कामाला. पट्ट्याच्या रुळावर जाळी असायला हवी होती, ती दुरुस्तीसाठी काढली होती आणि परत बसवली नव्हती. उजवं मनगट आत गेलं. आतल्या अंगाने सगळं फाटलेलं, बोटं मात्र शाबूत. घरचं कुणी बरोबर नव्हतं, बायकोला निरोप गेला होता, ती चारला येणार होती. डॉक्टरांनी दारातून व्हरांड्यात पाहिलं आणि मग माझ्याकडे. मी झगा घातलेलाच होता. विश्रामची बोटं मी धरली.

भूल देण्याआधी डॉक्टर प्रत्येक बोटाला माडाच्या झावळीची काडी लावून बघायचे. घरून आणलेली जुडीच असायची त्यांच्यापाशी. "दोळे धांप. खंयचें बोट?" विश्रामने डोळे मिटले. अंगठा सांगितला, त्याच्या शेजारचं सांगितलं, मधलं सांगितलं. करंगळीला काडी लावली तर गप्प. तिच्या शेजारच्या बोटाला लावली, गप्प. डॉक्टरांनी काडी पुन्हा टोचली.

"खयचाच नाय," विश्राम म्हणाला. "लावलात काय?"

डॉक्टर माझ्याकडे वळले. "सिस्टरबाय, धाकटीं दोन बोटां आदींच गेल्यांत. बरोवन दवर."

मी हो म्हटलं. पण माझ्या हातात विश्रामची बोटं होती, आणि सोडायची नाहीत हा त्यांचाच नियम. मग सुई, मग सोलं, मग सर्जनची घाई, रक्त, टाके. सगळं झाल्यावर लिहीन म्हणत होते. लिहायला बसले तेव्हा बाहेर मोर्च्यातली दोन डोकी फुटून आली आणि मी कागद तसाच मिटला. मग विसरले. केसपेपरावर भुलीच्या आधीच्या रकान्यात एक शब्द नाही, हे मला पुढे तीन आठवड्यांनी कळलं.

विश्रामची बायको चारला आली. तो हसत होता. आंगणेवाडीच्या जत्रेबद्दल बोलत होते दोघं, मी स्वतः ऐकलं. नंतर जखम भरली, पण ती दोन बोटं आली नाहीत. वाकडी होऊन बसली. पट्ट्यावर काम करता येईना, आणि जाळी का नव्हती असा प्रश्न कामगारांतल्या कुणीतरी मोठ्याने विचारला. तो प्रश्न वरपर्यंत जायच्या आत मॅनेजरने दुसरा काढला. भुलीच्या औषधात हा डॉक्टर काय मिसळतो?

मला ऑफिसात बोलावलं. मॅनेजर सभ्य माणूस, खुर्ची दिली. एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. इंग्रजीत. डॉक्टर मोपकर हे भुलीच्या औषधात स्टेरॉइड मिसळतात हे मी पाहिलं आहे, सदर पेशंटच्या वेळीही पाहिलं, एवढंच. "यात काही खोटं आहे का, सिस्टर?" नव्हतं. "तुमचा भाऊ आमच्याच टिप्परवर आहे ना? चांगला ड्रायव्हर." होता, दोन महिन्यांपूर्वीच लागला होता.

मग मी काय केलं ते ऐका. मी भांडले. ताठ बसून सांगितलं, हा कागद इंग्रजीत आहे, यावर मी सही करणार नाही. जबानी माझी आहे, ती माझ्या भाषेत, मराठीतच पाहिजे. मॅनेजर आधी हसला. मग म्हणाला सोयीचं नाही. मग म्हणाला कोकणीत चालेल का. मी उठून उभी राहिले. अर्धा तास वाद घातला, आवाज बाहेर जात होता आणि व्हरांड्यात आमच्या टेबलाची माणसं येऊन उभी राहिली होती. शेवटी त्याने हात टेकले. कोरा कागद दिला.

मी लिहिलं. सुंदर अक्षरात, शुद्ध. "सदर डॉक्टर हे बधिरीकरणाच्या औषधामध्ये स्टेरॉइड नामक अन्य औषध मिसळीत असत, हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे." खाली सही मराठीत. दोन बोटं आधीच गेली होती हे लिहिलं नाही. ते लिहायचं तर मी त्या दिवशी लिहिलं नाही हेही लिहावं लागलं असतं, आणि मग टिप्परवरचा भाऊ. असा विचार मी त्या वेळी केला का? केला. एका क्षणात केला आणि बाजूला ठेवला, कारण मी जिंकत होते. बाहेर आले तर आमच्या टेबलाने टाळ्या वाजवल्या. किटली त्या दिवशी आधी माझ्याकडे आली. साहेबाला इंग्रजीवरून मराठीवर आणणारी म्हणून माझं नाव झालं.

चौकशी आमच्याच इस्पितळात झाली. मॅनेजर, सर्जन, आणि मालकाचा वकील. डॉक्टर मोपकर घड्याळ गळ्यात घालूनच आले. हो, घालतो, म्हणाले. कशाला घालता? "चार वाजतां म्हणून." वकिलाला काही कळलं नाही. बोटं तुमच्या औषधाने गेली असं म्हणणं आहे. "ना. आदींच गेल्लीं. काडी लावन पळयलीं." कागदावर कुठे आहे? डॉक्टर माझ्याकडे वळले. त्या वळण्यात संशय नव्हता, हे मला सांगितलंच पाहिजे. सोलं हाड म्हणताना वळायचे तसेच वळले.

"सिस्टरबायक विचारात. तिका म्हायत आसा."

मी म्हणाले, "मी लिहून दिलंय त्यापलीकडे मला काही आठवत नाही." चांगल्या मराठीत म्हणाले.

डॉक्टर घड्याळाकडे बघून म्हणाले, "चार वाजूंक आयले," आणि उठले. कुणी थांबवलं नाही. वॉर्डात जाऊन आपली खुर्ची घडी करून काखेत घेतली आणि बसस्टॉपवर गेले. त्यानंतर त्यांना बोलावणं गेलं नाही. जाळी बसली नाही. विश्रामला डॉक्टरच्या चुकीने हात गेला असं सांगून गावी पाठवलं, कंपनीकडे आता काही मागू नकोस, डॉक्टरकडे माग. जाताना तो माझ्यापाशी आला. वाकड्या बोटांत पिशवी अडकवलेली. म्हणाला, "सिस्टर, त्या दिवशी तुमी हात धरलेलो, तो माका सांज होयसर वाटत होतो. बरा वाटत होता." मी म्हटलं जपून जा.

पुढे गोवा राज्य झालं. आमची दोन टेबलं एक झाली, कारण एक मोडलं. भाऊ टिप्परवरून खासगी बसवर गेला. मी दुसरी नोकरी धरली, तीही संपवली. डॉक्टर पेडण्याला ताप-खोकल्याचा दवाखाना चालवतात एवढं ऐकून होते. इब्रामपूरहून येता-जाता बस तिथूनच जायची. दवाखाना ज्या बाजूला, त्याच्या दुसऱ्या बाजूला मी बसायचे.

वीसेक वर्षांनी कळलं की घराच्या चिऱ्याच्या पायरीवरून घसरून त्यांचं मनगट मोडलं आणि म्हापशाच्या एका इस्पितळात ऑपरेशन ठरलंय. या वेळी मी गेले. ऑपरेशनच्या दिवशीच, मुद्दाम चारला पोचले; भेटीची वेळ तिथेही चार ते सहा. वाटेत भूल देणारी डॉक्टरीण भेटली, पंचविशीतली मुलगी. किती वेळ बधिर राहील म्हणून विचारलं. "संध्याकाळपर्यंत, मावशी. डेक्सा घातलंय ना." तुम्हीही घालता ते, मी म्हटलं. ती हसली. "सगळेच घालतात. त्यात काय?"

त्यात काय, हे तिला सांगायला मी थांबले नाही.

डॉक्टर खाटेवर होते. लहान झालेले. उशाशी तेच घड्याळ, शेजारी कॅनव्हासची खुर्ची घडी करून भिंतीला टेकवलेली. ती त्यांनी का आणली असेल, बसणारं तर कुणी नव्हतं. वॉर्डात बाकी प्रत्येक खाटेशी दोन-चार माणसं, डबे, केळी. मी खुर्ची उघडली आणि बसले.

"आयलें गो तूं?" त्यांनी मला लगेच ओळखलं. "चार वाजले मूं?"

"वाजले." मग मी एका दमात म्हटलं, "डॉक्टर, विश्रामची ती दोन बोटं. आधीच गेली होती. मला माहीत होतं. मला आठवत होतं."

"आदींच गेल्लीं," ते म्हणाले, जणू आत्ताच काडी लावून पाहिलंय. "तुका म्हायत आशिल्लें, म्हाकाय म्हायत आशिल्लें. विश्रामाक कोणें सांगलें?"

मी खुर्ची खाटेच्या आणखी जवळ ओढली.

"तो समजता आसतलो, ह्या म्हाताऱ्यान हात खाल्लो म्हणून." त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. "दोनदां गेल्लों त्याच्या गांवांत. घर धांपून खंय गेला कोणाक खबर ना."

मी त्याला शोधेन म्हणाले. ते म्हणाले शोध. शेजारच्या खाटेवरच्या बाईला तिचा नातू सोलून संत्रं भरवत होता. मला दुसरं काही सुचेना तेव्हा मी त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला.

"डॉक्टर, डोळे मिटा. हात खंय आसा?"

त्यांनी हसून डोळे मिटले. प्लास्टर घातलेला उजवा हात खाटेच्या कडेला, माझ्या बाजूला उशीवर ठेवलेला होता. डावा लांब, पलीकडे, चादरीखाली.

"पोटार," ते म्हणाले. "ह्या दाव्या हातांत. धरपाक कोण नाशिल्लें. त्या डॉक्टरीण चेडवाक, हात धर म्हणपाक लज दिसली. मागीर म्हजो हांवेंच धरलो." मग म्हणाले, "अजून धरून आसा. बरें वाटता."

मी उशीवरची ती थंड, सुजलेली बोटं माझ्या दोन्ही हातांत घेतली. त्यांना काही कळलं नाही. ते डोळे मिटूनच पडून होते आणि मी सांगितलं नाही. सहाची घंटा झाली तेव्हा मी ती बोटं धरूनच बसले होते, आणि त्यांचा हात त्यांच्या स्वतःच्याच हातात होता.